निशाणी डावा अंगठा

अक्काने उज्ज्वलाचा उजवा हात मांडीवर घेतला तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते. सव्वाबारा वाजले होते. एक वाजता त्यांच्या गावाकडे जाणारी एसटी होती, आणि त्या एसटीत उज्ज्वला, तिचा नवरा आणि सासू अशी तिघंही बसलेली मला बघायची होती. ती चुकली असती तर पुढची साडेपाचला. तेवढा वेळ त्या माणसांना आमच्या महिला समुपदेशन केंद्राच्या एका खोलीत बसवून ठेवायचं म्हणजे जुळलेलं परत विस्कटायचं, असा माझा अनुभव होता.

"हात सैल सोड, बाय," अक्का म्हणाली.

हे ती सवयीने म्हणाली. आटपाडीच्या बाजारात चाळीस वर्षं बांगड्या भरताना प्रत्येक बाईला तिने हेच सांगितलेलं होतं. हात सैल कुणीच सोडत नाही. बांगडी अंगठ्याच्या बुडाशी आली की बायका हात आवळतात, डोळे मिटतात, तोंडाने स्स करतात. मग अक्का काहीतरी वात्रट बोलते, बाई हसते आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असते.

उज्ज्वलाच्या वेळी तसं काही करावंच लागलं नाही. एकामागून एक बांगड्या गेल्या. अक्काने मधेच थांबून माळेतली आणखी लहान मापाची बांगडी काढली. तीही गेली. उज्ज्वला समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"बघा, किती सहज गेल्या," मी म्हणाले. मला बरं वाटलं होतं, म्हणून म्हणाले.

बांगड्या भरून झाल्या की बाईने कासारणीला नमस्कार करायचा असतो. उज्ज्वला तशीच बसून राहिली. सासूने खांद्याला ढोसलं तेव्हा ती वाकली. अक्काने आशीर्वाद दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पाणी दे मला. चल, माठ दाव."

माठ कुठे आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आमच्या केंद्रात ही बांगड्यांची पद्धत नलिनीताईंनी सुरू केली होती. ताई संस्थेच्या प्रमुख. केंद्रात येणाऱ्या बायका बहुतेक वेळा मोकळ्या मनगटांनी यायच्या, कारण मारामारीत पहिल्यांदा फुटतात त्या बांगड्याच. समझोता झाला आणि बाई नांदायला निघाली की तिला मोकळ्या हाताने पाठवायचं नाही, असं ताईंनी ठरवलं होतं. अक्का डांगरे त्यासाठी यायची. मी नुकतीच समाजकार्याची पदवी घेऊन आले होते, सत्तावीस वर्षांची होते आणि मला ही पद्धत अजिबात आवडत नव्हती. आपण बायकांच्या हक्काचं काम करतो की लग्न लावतो, असं मी ताईंना एकदा विचारलंही होतं. ताई हसल्या होत्या. मी मात्र चौतीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता.

माठाशी गेल्यावर अक्काने पाणी घेतलं नाही.

"हिला धाडू नगंस," ती म्हणाली.

मी विचारलं, का? काही बोलली का तुमच्याशी?

"बोलली न्हाई. हात बोलला न्हाई, ह्येच सांगत्ये."

मी म्हणाले, हात तर एकदम सैल होता.

"सैल न्हवं गं. भ्यालेली बाई हात आवळती. रागावलेली आवळती. लाजलेलीबी आवळती. जित्या माणसाचा हात हाय त्यो, दुखलं की आवळणारच. मी दोन मापं उतरून बारीक बांगडी घातली, मुद्दाम. कातडं सोललं असंल तिचं. तिला पत्ता न्हाई. ती हितं न्हाईच."

मी विचारलं, मग मी काय लिहू? कासारणीला हात बरोबर लागला नाही, असं?

हे मी चेष्टेने विचारलं नव्हतं. मला खरंच लिहायला जागा नव्हती. फॉर्मवर होतं ते असं. सासरी जाण्यास तयार आहे का? होय. कुणाच्या दबावाखाली आहे का? नाही. हे प्रश्न मी उज्ज्वलाला एकटीला आत घेऊन, दार लावून विचारले होते, नियमाप्रमाणे. तिने एका शब्दात उत्तरं दिली होती. नवऱ्याने, म्हणजे संपतने, सहा अटी मान्य केल्या होत्या आणि खाली सही केली होती. उज्ज्वला सातवी शिकलेली. तिने उजव्या हाताने, अक्षरं सुटी सुटी काढून, पूर्ण नाव लिहिलं होतं. तिचा भाऊ आला नव्हता. त्याने निरोप पाठवला होता की जे कराल ते त्याला मान्य आहे, म्हणजे त्याच्या घरात तिला जागा नव्हती.

"तुला काय वाटतंय?" अक्काने विचारलं. "कागद ऱ्हाऊ दे. तुला."

मला काय वाटत होतं ते आज मी सांगू शकते, कारण नंतर कितीतरी वर्षं मी ते आठवून काढत बसले होते. उज्ज्वला एका शब्दाची उत्तरं देत होती तेव्हा माझा डावा तळहात घामाने ओला झाला होता आणि मी तो साडीला पुसला होता. पण प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की केसवर्करने आपल्या भावना चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायच्या. मी चांगली विद्यार्थिनी होते.

"मला काही वाटत नाही, अक्का," मी म्हणाले. "तिचं तिने ठरवलंय."

अक्काने गाठोडं बांधलं आणि ती गेली. मला तिचा राग आला होता. तिघंही एकच्या एसटीत बसली. मी फाइल पूर्ण केली.

पंधराव्या दिवशी गृहभेट करायची, हाही नियमच होता. मी गेले. आटपाडीपासून अठरा किलोमीटरवर, डाळिंबाच्या बागांना लागून त्यांची वस्ती होती. सासू ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिने मला चहा दिला, संपत बागेत औषध मारायला गेलाय म्हणाली. उज्ज्वला दारात येऊन उभी राहिली. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हात पदरात.

मी विचारलं, कसं चाललंय? ती म्हणाली, बरं चाललंय. मारहाण? नाही. जेवणखाण? व्यवस्थित. तिने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. तिच्या तोंडावर काही नव्हतं, म्हणजे भीती नव्हती, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. मी ते माझ्या सोयीने वाचलं. गृहभेटीच्या कागदावर शेवटची ओळ असायची, एकूण प्रगती. मी तिथे लिहिलं, समाधानकारक.

मग मी सहीसाठी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. तिने पदराखालून डावा हात बाहेर काढला आणि अंगठा वर करून दाखवला.

आमच्या भागात बायका अंगठा देतात, त्यात नवल नाही. माझ्या पिशवीत शाईची डबी कायम असायची. मी ती उघडली, तिचा अंगठा शाईवर टेकवला, कागदावर उमटवला आणि खाली सवयीने लिहिलं, निशाणी डावा अंगठा. मी चहा अर्धा ठेवला आणि एसटी गाठली.

चार दिवसांनी बाजार होता. अक्का नेहमीच्या जागी, चपलांच्या दुकानापुढे बसली होती. मी भाजी घेऊन जात होते, तिने हाक मारली. गेली होतीस का त्या पोरीकडं, तिने विचारलं. मी सांगितलं, गेले होते, ठीक आहे सगळं.

"हात बघितलास?"

"पदरात होते."

"दोन्ही?"

मी म्हणाले की डावा बघितला, अंगठ्याच्या वेळी. हे बोलले आणि तिथेच थांबले. भाजीची पिशवी माझ्या हातात होती. मला उज्ज्वलाची सही दिसत होती, सुटी सुटी अक्षरं, समझोत्याच्या कागदाच्या तळाशी. अक्काला सहीबद्दल काही माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं की त्या पोरीला लिहिता येतं.

अक्काने गाठोडं आवरायला घेतलं. अर्धा बाजार व्हायचा होता. मी म्हणाले, उद्या ताईंशी बोलून पोलिसांना कळवून जाऊ, तसं एकदम जाता येत नाही.

"तुला येत न्हाई," अक्का म्हणाली. "कासारणीला कोण अडीवतंय?"

पुढचं मला तिच्याकडूनच कळलं. ती दुपारी वस्तीवर पोचली, उंबऱ्यावर बसली आणि तिने सासूला बांगड्या दाखवल्या. सासूने चार भरून घेतल्या. मग अक्का म्हणाली, सुनेलाबी बोलवा, मी भरलेला चुडा बघू दे कसा ऱ्हायलाय. सासू म्हणाली, ती झोपलीये. अक्का म्हणाली, मी थांबते. ती दोन तास थांबली. सासूला कासारणीला उंबऱ्यावरून उठवता येईना. शेवटी उज्ज्वला बाहेर आली आणि अक्काने पदर बाजूला केला.

उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला होता. बांगड्या मांसात रुतलेल्या होत्या. शेवटची दोन बोटं भलत्या दिशेला होती. दारात सापडला, सासू म्हणाली.

अक्का ओरडली नाही. तिने सासूला गंभीरपणे सांगितलं की या बांगड्या तिने भरलेल्या आहेत, त्या घरात आपोआप तडकल्या तर घरधन्यावर येतं, आणि ज्या कासारणीने भरल्या तिनेच त्या वाढवायच्या असतात, तिच्या हत्याराने, तिच्या घरी. असा काही रिवाज नाही. अक्काने तो तिथे उंबऱ्यावर बसून तयार केला. पण सासूला डॉक्टर नको होता, कारण डॉक्टर विचारतो, आणि मुलावर काही यायला नको होतं. उद्या सकाळी परत आणून सोड, एवढं बोलून तिने सुनेला अक्काबरोबर लावून दिलं.

त्या दोघी सरळ केंद्रात आल्या. ताई परगावी होत्या. मी एकटीच होते.

मी म्हणाले, आधी दवाखाना. अक्का म्हणाली, दवाखान्यात ह्या बांगड्या कात्रीनं फोडतील, काच आत जाईल, आधी मी वाढवते. बांगडी फोडायची, असं ती कधी म्हणायची नाही, वाढवायची म्हणायची. तिने उज्ज्वलाला चटईवर बसवलं, त्याच जागी. मला सांगितलं, कोपर धर.

मी कोपर धरलं. गरम होतं. अक्काने बांगडीखाली ओलं फडकं सरकवायला सुरुवात केली, अगदी थोडं थोडं. मग छोटी पक्कड लावली. पहिली बांगडी निघाली. दुसरी निघाली. उज्ज्वला कॅलेंडरकडे बघत होती. मी कॅलेंडरवरची तिची नजर बघत होते आणि मला काहीच होत नव्हतं. रडू येत नव्हतं, लाज वाटत नव्हती. मी मनात बांगड्या मोजत होते.

"कसं झालं?" अक्काने खालमानेने विचारलं.

उज्ज्वला कॅलेंडरकडेच बघत म्हणाली, "इथनं गेलो त्याच दिशी. त्यांनी इचारलं, सही कुठल्या हातानं केलीस."

अक्काचा हात थांबला.

"म्या ह्यो पुढं केला," उज्ज्वला म्हणाली. "मग दार लावलं."

सही मी घेतली होती. स्पष्ट काढ, पूर्ण नाव लिही, असं मीच तिला सांगितलं होतं. मी कोपर धरून बसले होते ते तसंच धरून बसले.

सातवी बांगडी सगळ्यात आत रुतली होती. ती तीच दोन मापं लहान असलेली. अक्काने फडकं सरकवलं, पक्कड लावली, आणि उज्ज्वलाचा हात एकदम मागे खेचला गेला. माझ्या हातून कोपर निसटलं.

"आई गं," ती म्हणाली. मग ती मोठ्याने रडायला लागली.

"आली गं बाय," अक्का म्हणाली. तिने उज्ज्वलाचं डोकं आपल्या छातीशी घेतलं. "रड. आलीस तू. लई झालं."

अक्का स्वतःही रडत होती; रडतच तिने राहिलेल्या बांगड्या वाढवल्या. मी उठले आणि रिक्षा बोलावून आणली. तिला दवाखान्यात दाखल करून परत आलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले असतील. अक्का चटईवरची काच वेचत होती. मी खाली बसून वेचू लागले. एक तुकडा माझ्या बोटात गेला. मला ते रक्त चटईवर दिसल्यावर कळलं.

अक्काने माझा हात ओढून घेतला. बोट पुसलं आणि मग, मला वाटतं सवयीनेच, माझा अंगठा दुमडून हात दाबला, बांगडी भरताना दाबतात तसा. जोरात दाबला.

"दुखतंय?"

मी म्हणाले, नाही.

तिने पुन्हा दाबला. "आता?"

"नाही."

"तुझाबी तसाच लागतोय मला," ती म्हणाली आणि हात सोडून दिला. "तू फॉर्म भरत व्हतीस तवापासनं आसंल. कुणाच्या ध्यानात येणार?"

पुढे तक्रार झाली. केस सहा वर्षं चालली. मला साक्षीला बोलावलं. समोरच्या वकिलांनी माझाच गृहभेटीचा कागद माझ्या हातात दिला आणि वाचायला सांगितला. मी वाचला. मारहाण नाही. जेवणखाण व्यवस्थित. एकूण प्रगती समाधानकारक. त्यांनी विचारलं की घटना घडल्याचं सांगता त्यानंतर पंधरा दिवसांनी तुम्ही लिहिलेला हा कागद खरा आहे का? मी म्हणाले, अक्षर माझं आहे. त्यांनी विचारलं, बाईने तेव्हा तुम्हाला काही सांगितलं का? मी म्हणाले की अंगठा दिला. ते म्हणाले, विचारलंय तेवढंच सांगा. मी म्हणाले, नाही, सांगितलं नाही. ते खाली बसले. संपत सुटला. त्या दिवशी मी घरी येऊन भात लावला, जेवले आणि झोपले. झोपही लागली.

काम मी सोडलं नाही. सोडण्यासाठी काहीतरी वाटावं लागतं. मी तसंच करत राहिले, वर्षानुवर्षं, फॉर्म आणि गृहभेटी, आणि त्यात माझ्या हातून फारशा चुका झाल्या नाहीत. एक गोष्ट बदलली. नाव विचारण्याआधी मी बाईचा हात हातात घेते. आधी मला त्यातून काहीच कळायचं नाही. मी अक्काकडे जाऊन तिच्या शेजारी बसायचे, बाजाराच्या दिवशी, आणि ती भरत असलेले हात बघायचे. ती शिकवायची नाही. मधेच एखादा हात माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, कसा हाय? मी म्हणायचे, ठाऊक नाही. ती म्हणायची, बरं. कितीतरी महिने हेच. माझ्या मनगटात मात्र तिने कधी बांगडी भरली नाही. मी एकदा मागितली तर म्हणाली, दुखायला लागलं की ये.

उज्ज्वलाही तिथे शेजारीच बसायची. दवाखान्यातून सुटल्यावर ती अक्काकडेच राहिली. अक्काला मूलबाळ नव्हतं. उज्ज्वलाची ती दोन बोटं कधी वळली नाहीत. उरलेल्या तीन बोटांनी हात दाबायचा आणि डाव्या हाताने बांगडी चढवायची, हे तिचं तिने बसवलं. आम्ही दोघी फार बोलायचो नाही. मी तिची माफी मागितली होती, एकदा, नीट शब्द जुळवून. तिने ऐकून घेतलं आणि माळा लावायला घेतल्या.

अक्का जाऊन आता सहा वर्षं झाली. चपलांच्या दुकानापुढे उज्ज्वला बसते.

गेल्या महिन्यात केंद्रात पाच नव्या मुली कामाला लागल्या. त्यांचं प्रशिक्षण माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी मी त्यांना फॉर्म दिला नाही, बाजारात नेलं आणि उज्ज्वलापुढे ओळीने बसवलं. मुली हसत होत्या. एक जण म्हणाली, मॅडम, आम्हाला वाटलं कायदे शिकवणार. मी म्हणाले, ते दुपारी. उज्ज्वलाने एकेकीचा हात घेतला. सगळ्यांनी आवळले, सगळ्यांनी स्स केलं. ती त्यांना काही वात्रट बोलली, अगदी अक्कासारखं, आणि त्या हसल्या.

शेवटी तिने माझा हात ओढला. मी म्हणाले, मला नको, मी घालत नाही.

"हात सैल सोडा, मॅडम."

तिने अंगठा दुमडला. तीन बोटं आणि दोन न वळणारी, अशी तिची सगळी पकड माझ्या हाताभोवती बसली. तिने बांगडी बोटांवरून आणली. बारीक मापाची होती, मला दिसत होतं. अंगठ्याच्या बुडाशी आली तशी एक कळ सरळ कोपरापर्यंत गेली आणि माझा हात आवळला गेला. मी आवळला नाही, तोच आवळला. डोळ्यांत पाणी आलं. पाच मुली बघत होत्या.

उज्ज्वला थांबली. बांगडी तिथेच होती, ना मागे ना पुढे.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि बांगडी आत सरकवून तिने दुसरी हातात घेतली.